दोन बांगड्यांचा दाखला

तोंडावर सगळे तिला बाई म्हणत आणि पाठ वळली की नियमबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या नावाचा तिला मनातून थोडा अभिमानच होता.

तीस वर्षं ती परकीय चलनाच्या खिडकीत बसली. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे जग. ज्यांनी कधी आपलं गाव ओलांडलं नव्हतं अशी माणसं नवाकोरा पासपोर्ट छातीशी धरून तिच्यापुढे उभी राहत, आणि ती नोटा मोजता मोजता त्यांना शहाणं करून सोडी.

"सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. मोठ्या नोटा फार घेऊ नका, उतरल्यावर सामानाच्या गाडीलासुद्धा नाणं लागतं. ही पावती जपा, उरलेले पैसे बदलायला आलात की हीच मागणार आहे मी. आणि फॉर्मवर विचारतात ना, एवढ्याहून जास्त रक्कम जवळ आहे का, तिथं खरं लिहा. लिहिलं म्हणून कुणी काढून घेत नाही. लपवलं तर घेतात."

एखादा आगाऊ विचारायचा, "बाई, तुम्ही कुठंकुठं जाऊन आलात?"

"मी? या खुर्चीपासून त्या चहाच्या टेबलापर्यंत," ती म्हणे. "सही करा. इथं नव्हे, खाली."

नवरा घड्याळजी. खिडकी आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर त्याचं खोलीएवढं दुकान. तो जात्याच थट्टेखोर. "आमच्याकडे मिठाची पुडी आणली तरी पावती फाईलला लागते," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ती तिथं उभी असेल तर आवाज वाढवून सांगायचा.

पण हा कडकपणा तिच्या अंगात जन्मापासून नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक म्हातारी खिडकीशी आली होती. मुलाकडे निघाली होती, गळ्यात जाड साखळी. "पोरी, हिचा काही कागद करावा लागतो का गं?" असं तिनं विचारलं. दुपारची वेळ होती, रांग लांबलेली होती, आणि बाई बोलून गेली, "अंगावरच्या दागिन्यांना कोण विचारतंय आजी, खुशाल जा." परतताना म्हातारीला विमानतळावर कस्टम्सवाल्यांनी अडवलं. साखळी इथूनच गेली होती याचा पुरावा दाखवा म्हणाले. जाताना त्यांच्याकडून दागिन्याचा ओळखदाखला करून घेतला असता तर प्रश्नच नव्हता. तो नव्हता. आठ महिने साखळी सरकारी कपाटात पडून राहिली. म्हातारी एकदा खिडकीशी आली, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून गेले गं." त्या दिवसापासून बाईच्या तोंडून 'कोण विचारतंय' हे शब्द गेले ते गेलेच.

तिला एक बहीण. आठ वर्षांनी धाकटी, म्हणून घरात तिचं नावच धाकटी पडलं. लग्न होऊन परदेशी गेली त्याला चौतीस वर्षं झाली. निघायच्या दिवशी आईनं आपल्या डाव्या हातातल्या चार सोन्याच्या बांगड्यांपैकी दोन साबण लावून काढल्या आणि धाकटीच्या हातात घातल्या. त्या चार बांगड्यांचा आवाज म्हणजे दोघी बहिणींचं लहानपण. आई पीठ मळत असली की आवाज वेगळा, रागावून भांडी आवरत असली की वेगळा. शाळेतून येताना दाराबाहेर उभं राहून दोघी आधी कान द्यायच्या आणि मग ठरवायच्या, फाटलेल्या दप्तराचं आज सांगायचं की उद्या. धाकटी गेल्यावर आईच्या हातात दोनच उरल्या. त्या वाजायच्या, पण आई बोलतेय असं वाटायचं नाही. पुढे आई गेली आणि त्या दोन बाईच्या हातात आल्या.

धाकटीचा दर रविवारी फोन. घड्याळजीनं दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ खास मेहुणीच्या देशाच्या वेळेवर लावून ठेवलं होतं, इथल्यापेक्षा साडेचार तास मागं. "बघ, तुझी बहीण अजून झोपलीय," किंवा "आता उठली असेल, चहा टाकत असेल," असं तो येताजाता सांगायचा.

"ताई, आता तू ये," धाकटी म्हणायची.

"निवृत्त झाले की येते."

निवृत्त झाली. मग गुडघे आले, मग नवऱ्याच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आली. असं करत तीन वर्षं गेली. शेवटी एकदाचा व्हिसा हातात पडला, आणि सावकाश, थंडी सरल्यावर जायचं ठरलं. धाकटीनं आपल्या दुखण्याचं एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं.

एका सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला. रविवार नसताना आला, तेव्हा बाईनं हातातलं काम टाकून तो उचलला.

"मावशी, आई म्हणतेय ताईला बोलाव. आणि येताना बांगड्या घालून ये म्हणते. चारही एकदा एका हातात घालून बघायच्यात म्हणते."

"कितपत आहे गं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग भाची म्हणाली, "डॉक्टर काही आठवडे म्हणतात. पण तू लवकर ये."

तिकीटवाल्यानं दोन तारखा सांगितल्या. एक बुधवारची, एक शनिवारची. बाईनं शनिवारची घेतली.

घड्याळजीनं भिंग डोळ्यावरून काढलं. "बुधवारचं का नाही?"

"दाखला करायचाय बांगड्यांचा. उद्या सोनाराचं दुकान बंद. बुधवारी त्याच्याकडे वजन आणि किंमत, मग कस्टम्सच्या कचेरीत शिक्का. शुक्रवारपर्यंत होईल."

"अगं, लांब बाह्यांचं काही तरी घाल आणि जा. कोण विचारतंय?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत, नेमके कोणते शब्द आपल्या तोंडून गेले ते. बाईचा चेहरा बदलला.

"आणि परत येताना अडवलं तर? माझ्याच आहेत म्हणून कशानं सांगू? आईच्या हातातल्या बांगड्या सरकारच्या कपाटात ठेवू?"

"मग इथंच ठेवून जा."

"तिनं त्याच मागितल्यात."

"तीन दिवसांचा फरक पडतो गं."

"आठवडे म्हणालेत डॉक्टर."

"डॉक्टर म्हणतात," एवढंच तो बोलला आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. बारीक कामाचा माणूस. जोर लावून काही फिरवायचं नाही ही त्याची सवय. ती सवय त्या दिवशी मोडली असती तर, असं त्याला नंतर कितीदा वाटलं असेल ते त्याच्या देवालाच ठाऊक.

बुधवारी तिनं साबण लावून बांगड्या काढल्या. एकोणीस वर्षांत हातातून निघाल्या नव्हत्या. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. सोनारानं त्या काट्यावर ठेवल्या, उलटसुलट केल्या.

"खालच्या अंगाला बऱ्याच झिजल्यात, बाई."

"नोटा मोजून. काउंटरची कड लागते," ती म्हणाली. "झिजलेलं वजनच लिहा. उगाच जास्त लिहू नका."

सोनारानं वजन लिहिलं, किंमत लिहिली, फोटो चिकटवला, सही केली. गुरुवारी ती कचेरीत गेली तर साहेब बैठकीला. शुक्रवारी पुन्हा गेली. लाकडी बाक, भिंतीला टेकून टेकून तेलकट झालेला रंग, आणि टेबलाशी एक तरुण कारकून. त्यानं तिचा अर्ज वाचला, मान वर केली.

"मावशी, हे हल्ली कुणी..."

"बाळ, तीस वर्षं मी परकीय चलनाच्या खिडकीत काढलीत," बाईनं त्याला मध्येच थांबवलं. "हे मी हजार लोकांना शिकवलंय. तू फक्त शिक्का मार."

कारकून ओशाळला. "तसं नाही, मी म्हणत होतो की..."

"साहेब आले का जेवून?"

"येतील आता."

साहेब आले. शिक्का बसला. बाईनं सवयीनं समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोणतंही कागदपत्र मिळालं की ती मागं पेन्सिलीनं वेळ टाकत असे. साडेतीन. तिनं तसं लिहिलं, घडी पाडली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. बाहेर पडताना तिनं देवाला हात जोडले. सगळं वेळेत झालं म्हणून.

शनिवारी ती निघाली. पैसे तीन ठिकाणी, सुट्ट्या नोटा वरच्या कप्प्यात, सामानाच्या गाडीसाठी नाणं रुमालाच्या गाठीत. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती, पण खिडकीबाहेर पाहायला तिला सुचलं नाही. चार बांगड्या एका हातात घातल्यावर आईचा कोणता आवाज आधी आठवेल, पिठाचा की रागाचा, यावर दोघींची पैज लागणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

उतरल्यावर तिनं फॉर्मवर सगळं खरंखरं लिहिलं आणि 'सांगण्यासारखं आहे' त्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत तिच्यापुढे एक बाजा घेतलेला माणूस, मागं कुणीच नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं तिच्या दाखल्याकडे पाहिलं, त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येईना. तो हसला आणि हातानंच म्हणाला, जा.

नाणं गाडीला बरोबर बसलं. गाडी ढकलत ती दारातून बाहेर आली. कठड्यापलीकडे भाची उभी होती. तोंड दिसायच्या आधी बाईला तिचा कठड्यावर ठेवलेला हात दिसला. त्या हातात दोन बांगड्या होत्या.

बाई जागच्या जागी थांबली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"काल. सकाळी अकराला," भाची म्हणाली. "मावशी, मी फोन हातात घेतला होता. पण तू एकटी, विमानात, एवढे तास... म्हटलं कसं सांगू?"

अकरा. बाईचं डोकं आपोआप चाललं. तीस वर्षांची सवय. एका देशाचं दुसऱ्या देशात केल्याशिवाय तिला कोणतीच संख्या कळत नसे. अकरा आणि साडेचार. साडेतीन. पर्समध्ये कागदाच्या मागं तिच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

"बरं केलंस," ती भाचीला म्हणाली. "चल."

धाकटीची खोली साधीच होती. खिडकीशी खाट, खाटेच्या डाव्या बाजूला एक खुर्ची, खुर्चीवर उशी. भाचीनं सांगितलं, "ती तुझी. सोमवारपासून तिथं कुणाला बसू दिलं नाही तिनं. ताईचे गुडघे दुखतात, उशी ठेव म्हणाली." बाई त्या खुर्चीत बसली. खाट आवरलेली होती.

मग भाचीनं हातातल्या बांगड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. त्यांना सगळीभर दोरा गुंडाळलेला होता, पांढरा, एकाला एक लागून, धाकटीच्या सगळ्या कामासारखा नीटस.

"मनगट फार बारीक झालं होतं. बुधवारी स्वतः बसून गुंडाळला. ताई येईल तेव्हा हातातून गळून पडायला नकोत म्हणाली."

"बुधवारी?"

"हो. मला विचारलं, ताई निघाली का? मी म्हटलं, बांगड्यांचे कागद करतेय, शनिवारी निघेल. तर हसली गं. म्हणाली, ताईच ती. पावती घेतल्याशिवाय देवाच्या दारातसुद्धा पाऊल टाकायची नाही."

बाईला हसू आलं. खरंच आलं. ते अर्ध्यावर आलं आणि तिथंच त्याचं दुसरंच काही झालं. भाचीनं तिला जवळ घेतलं.

नंतर कधीतरी भाची म्हणाली, "शुक्रवारी सकाळी पण एकदा विचारलं तिनं. म्हणाली, झाला का गं ताईचा शिक्का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, झाला असेल. मग डोळे मिटले."

बाई बारा दिवस राहिली. धाकटीला निरोप दिला, तिचे कपडे घडी करून ठेवले, चष्मा पुसून खोक्यात ठेवला. निघताना भाचीनं त्या दोन बांगड्या तिच्या पर्समध्ये घातल्या. बाई म्हणाली, "तुझ्या आहेत त्या, तू ठेव." भाची म्हणाली, "आई सांगून गेलीय. चारही एका घरात राहू देत." बाईनं पर्सची चेन लावली.

परतल्यावर विमानतळावर दोन वाटा होत्या. हिरवी, काही जाहीर करायचं नसलेल्यांची, आणि लाल, असलेल्यांची. हिरवीतून लोक गाड्या पळवत चालले होते, कुणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. बाई लाल वाटेनं गेली. टेबलामागं चष्मा कपाळावर चढवलेली एक अधिकारीण बसली होती. बाईनं चार बांगड्या टेबलावर मांडल्या, शेजारी दाखला उघडून ठेवला.

"गेले तेव्हा दोन होत्या. आता चार आहेत. दोनचाच कागद आहे."

अधिकारिणीनं कागद पाहिला, बांगड्या पाहिल्या. दोऱ्यावरून बोट फिरवलं. "या दोन विकत घेतल्या तिकडे?"

"नाही."

"मग भेट?"

भेट म्हणायची तर देणारा माणूस समोर लागतो, घेणाऱ्यानं नको नको म्हणावं लागतं. तिनं मान हलवली. "बहिणीच्या. चौतीस वर्षांपूर्वी इथूनच गेल्या होत्या. तेव्हा कुणी कागद केला नाही."

"बहीण कुठंय?"

बाई दोऱ्याच्या दोन बांगड्या एकमेकींशी जुळवत राहिली. अधिकारिणीनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "उचला काकू. घाला हातात. चारही मिळून मर्यादेत आहेत, काही भरायचं नाही."

"आणि हा दाखला?"

"अंगावरच्या एवढ्याशा दागिन्याला तो लागत नाही. मर्यादा वाढवून दोन वर्षं झाली. मागितला तर देतात अजून, पण हल्ली कुणी काढत नाही. तुम्हाला कचेरीत कुणी सांगितलं नाही?"

दोन वर्षं. ती निवृत्त होऊन तीन झाली होती. टेबलाशी मान वर करणारा तो कारकून तिला लख्ख दिसला, त्याचं अर्धंच राहिलेलं वाक्यही ऐकू आलं.

"सांगत होता एक मुलगा," ती म्हणाली. "मीच ऐकलं नाही."

बाहेर घड्याळजी उभा होता. त्यानं सामान घेतलं. थट्टा केली नाही. टॅक्सीत बसल्यावर तिनं चारही बांगड्या, एक आपली एक धाकटीची अशा एकाआड एक, डाव्या हातात घातल्या आणि हात हलवला. नवऱ्याचा कान तयारीचा. बंद पडत आलेलं घड्याळ तो दोन टेबलांवरून ओळखतो. तो जरा वाकला.

"वाजत नाहीत गं."

"तिच्या दोन्हींना दोरा आहे. धाकटीनं गुंडाळलाय."

दाखल्याचं तिनं त्याला घरी गेल्यावर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. 'तरी मी म्हणत होतो' हे शब्द त्यानं त्या दिवशी उच्चारले नाहीत आणि पुढंही कधी नाहीत. संसारात याहून मोठं दान मी तरी पाहिलेलं नाही.

अजूनही गल्लीतलं कुणी परदेशी निघालं की बाईचं दार वाजवतं. किती रोख न्यावी, काय काय सांगावं लागतं, दागिन्यांचं काय. ती आधी विचारते, "कशाला चाललाय?" कुणी फिरायला म्हटलं तर म्हणते, "मला आता नवे नियम ठाऊक नाहीत रे, खिडकीवर विचार, आणि ते बोलतील ते पुरतं ऐकून घे." कुणी आजाऱ्याला बघायला म्हटलं तर ती 'बसा'सुद्धा म्हणत नाही. "पहिलं विमान कधीचंय?" एवढंच विचारते.

दुकानातलं ते साडेचार तास मागचं घड्याळ घड्याळजीनं काढलं नाही. ती काढू देत नाही. एकदा त्यानं चिमटा हातात घेऊन विचारलं, "दोरा सोडवू का? दोन मिनिटांचं काम आहे. चारही वाजतील बघ, तुझ्या आईसारख्या."

बाईनं हात पदराखाली ओढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "माझी वाट बघत गुंडाळलाय तिनं. असू दे."